श्रावणी सोमवारची महाकालाची सवारी : कोणता सोमवार धरायचा?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघे कुरकुरतात, पण श्रावणी सोमवारी उज्जैनला महाकालाची सवारी, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा. इंदूरला मावसबहीण आहे, तिच्याकडे उतरायचं ठरलंय. बहीण फोनवर म्हणते, ‘श्रावण लागला, एक सवारी निघालीसुद्धा, कधी येताय?’ आणि ठाण्याच्या भिंतीवरचं कालनिर्णय सांगतं, अजून आषाढच चालू आहे. तर यायचं कधी? आणि त्याच फेरीत पहाटेची भस्मारती, गाभाऱ्यातलं दर्शन आणि वर्षातून एकदाच उघडणारा नागचंद्रेश्वर असं सगळं होईल का?

ताई, इंदूरहून मराठी मंडळींच्या यात्रा नेण्याचं काम मी बरीच वर्षं करते. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर हा आमचा नेहमीचा फेरा. तुमचा प्रश्न तारखेचा वाटतो, आणि तारखेचं उत्तर सोपंच आहे, ते पुढे देते. पण खरी अडचण त्याच्या शेपटीत आहे. सवारी, भस्मारती, गाभारा आणि नागचंद्रेश्वर या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चौघांची गर्दी वेगळी, वेळ वेगळी, नियम वेगळे. पंचाहत्तरीच्या माणसाला घेऊन त्या एका दिवसात बसवायला गेलात, तर सवारीची पालखी दिसेपर्यंत सासूबाईंच्या अंगात उभं राहण्याचं त्राण उरणार नाही.

आधी पंचांगाचा गुंता सोडवू.

आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी माळव्यात ‘सावन’ लागतो. आपल्या हिशेबाने तो आषाढ वद्य पक्ष. पुढे दिव्यांची अवस झाली की आपला श्रावण सुरू होतो. मग पंधरा दिवस दोघांचाही श्रावण. राखीपौर्णिमेला त्यांचा संपतो आणि भादवा लागतो. आपला मात्र पोळ्यापर्यंत चालूच. म्हणजे शुद्ध पक्षातल्या तिथीला दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच, आणि वद्य पक्षात इथलं नाव एक महिना पुढचं. दिवस बदलत नाही, फक्त नाव बदलतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, इथे तीच भादवा कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र आपली माघातली, यांची फाल्गुनातली, उपास त्याच दिवशी. इंदूरच्या मराठी घरांत एका भिंतीवर कालनिर्णय आणि दुसरीवर जबलपूरचं लाला रामस्वरूप असतं ते यासाठीच. एक आपल्या सणावारांना, दुसरं शेजाऱ्यांच्या आमंत्रणांना.

आता सवारी. गुरुपौर्णिमेनंतरच्या पहिल्या सोमवारी पहिली सवारी निघते आणि आपल्या पिठोरी अमावास्येपर्यंत जो शेवटचा सोमवार येतो, त्या दिवशी शेवटची. म्हणजे उत्तरेचा श्रावणही आला आणि आपलाही आला. २०२४ मध्ये पहिली सवारी २२ जुलैला होती, तेव्हा आपला आषाढ चालू होता; शेवटची २ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी सोमवती अमावास्या होती. एकूण सात सोमवार. २०२५ मध्ये १४ जुलै ते १८ ऑगस्ट असे सहा. अधिक श्रावण आला की हे वाढतं. २०२३ मध्ये दहा सवाऱ्या निघाल्या होत्या. तेव्हा तुमची बहीणही बरोबर आणि तुमचं कालनिर्णयही बरोबर. तुमच्या श्रावणातला कोणताही सोमवार घ्या, त्या दिवशी सवारी असतेच. उलट आपल्या मंडळींचा फायदाच आहे. इथल्या लोकांचा श्रावण राखीला संपतो, पण सगळ्यात थाटाची शेवटची सवारी नेमकी आपल्या श्रावणात पडते.

हे असं का, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १२३४-३५ मध्ये दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश उज्जैनवर चालून आला, त्याने शहर लुटलं आणि महाकालाचं देऊळ पाडलं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळवा मराठ्यांकडे आला. उज्जैन राणोजी शिंद्यांच्या वाट्याला गेलं आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे सुखटणकर, यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. आज आपण जातो ते मूळ याच बांधणीचं. कोकणातल्या घराण्याचा माणूस, साताऱ्याकडच्या सरदाराचा दिवाण, आणि देव माळव्याचा. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला लष्कर वसवलं आणि राजधानी तिकडे गेली, पण तोवर उज्जैनच्या उत्सवांना मराठी वळण लागून गेलं होतं. राज्यकर्ते अमावास्येला महिना मोजणारे, रयत पौर्णिमेला मोजणारी. महाकालाने दोघांचाही श्रावण साजरा केला, असं उज्जैनमधली जुनी माणसं सांगतात, आणि तारखा समोर ठेवल्या की ते पटतं.

याचा याहून पक्का पुरावा कार्तिकात मिळतो. महाकालाच्या सोमवारच्या सवाऱ्या वर्षातून दोन वेळा निघतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. श्रावणातल्या प्रसिद्ध, दुसऱ्या ‘कार्तिक-अगहन’च्या. हिंदी पंचांगात त्या दोन अर्धवट महिन्यांत विभागलेल्या दिसतात: कार्तिकाचा शुक्ल पक्ष आणि अगहनचा, म्हणजे मार्गशीर्षाचा, कृष्ण पक्ष. पण आपलं पंचांग उघडा, तो आपला अख्खा कार्तिक आहे, बलिप्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत. २०२४ मध्ये या सवाऱ्या ४, ११, १८ आणि २५ नोव्हेंबरला निघाल्या, चारही सोमवार आपल्या कार्तिकातले. माळव्यातल्या देवाचा उत्सव मराठी महिन्याच्या मापाने कापलेला दिसतो तो इथे. कार्तिकाचं आणखी सांगायचं आहे, पण ते शेवटी.

गावात फिरताना बाकीच्या खुणाही दिसतात. हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन उंच दीपमाळा बघून आपल्याकडच्या माणसाला जेजुरीच आठवते. छत्री चौकातलं गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधवलं. काशीला ज्ञानवापी विहिरीवरचा मंडप उभारणाऱ्या त्याच. महाशिवरात्रीआधी महाकालाच्या देवळात नऊ दिवस शिवनवरात्र चालतं. रोज देवाचा शृंगार वेगळा, आणि आवारात नारदीय कीर्तन. मध्यप्रदेशातल्या ज्योतिर्लिंगाच्या अंगणात पूर्वरंग-उत्तररंग ऐकायला मिळेल अशी अपेक्षा मुंबईच्या पाहुण्यांना नसते. मी मुद्दाम त्यांना थोडा वेळ तिथे बसवते.

आता सवारीचा दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे जागा निवडता येईल.

दुपारी देवळाच्या सभामंडपात पूजा होते. चारच्या सुमारास पालखी बाहेर येते आणि महाद्वारावर पोलिसांची सशस्त्र तुकडी देवाला सलामी देते. महाकाल हा उज्जैनचा राजा, तो प्रजेची खबर घ्यायला निघाला, असा भाव. (राजा एकच, म्हणून दुसऱ्या कुठल्या राजाने किंवा मंत्र्याने रात्री इथे मुक्काम करू नये, ही समजूतही तुम्हाला रिक्षावाला हमखास ऐकवील. शिंद्यांची राजधानी इतकी वर्षं इथे होती, तेव्हा ही समजूत किती जुनी ते तुम्हीच ठरवा.) मग गुदरी चौक, बक्षी बाजार, कहारवाडी असं करत पालखी शिप्रेच्या रामघाटावर जाते. तिथे शिप्रेच्या पाण्याने अभिषेक, पूजा, आरती. परतताना रामानुजकोट, कार्तिक चौक, ढाबा रोड, टंकी चौक, छत्री चौक, गोपाळ मंदिर, आणि पटनी बाजारातून पुन्हा देवळात. नेहमीच्या सोमवारी अंधार पडता पडता पालखी परतते. शेवटच्या सवारीला रात्र होते. तिला पूर्वीपासून ‘शाही सवारी’ म्हणत, २०२४ पासून सरकारी पत्रकांत ‘राजसी सवारी’ असं येतं. लोक दोन्ही म्हणतात.

मूळ लिंग अर्थातच हलत नाही. मिरवतात ते देवाचे मुखवटे. पहिल्या सोमवारी पालखीत एकटे मनमहेश. दुसऱ्या सवारीला पालखीत चंद्रमौळीश्वर येतात आणि मनमहेश हत्तीवर बसतात. मग दर सोमवारी एकेक मुखवटा वाढत जातो: गरुडरथावर शिवतांडव, नंदीरथावर उमामहेश, पुढे होळकर स्टेटचा मुखवटा, घटाटोप, सप्तधान्याचा. शेवटच्या सवारीत सगळे एका मागोमाग एक. आम्हा इंदूरकरांना होळकरांचा मुखवटा कोणत्या सोमवारी निघतोय याचीच चौकशी जास्त. शिंद्यांच्या गावात होळकरांचा मुखवटा मिरवतो, यातली गंमत इतिहास माहीत असलेल्याला वेगळी सांगायला नको.

भजनी मंडळं पुढे असतात, झांज-डमरूंचा गजर असतो, लोक घराघरांतून फुलं उधळतात. रस्ते जुन्या उज्जैनचे, अरुंद. अलीकडे गर्दी इतकी वाढली की सवारीच्या सोमवारी शाळांना सुट्टी देऊन रविवारी शाळा भरवण्याचे आदेश निघतात. यावरून काय तो अंदाज करा.

तर कोणता सोमवार? पहिल्या सवारीला गर्दी त्या मानाने कमी, पण देखावाही कमी, आणि तुमच्या सासूबाईंच्या लेखी तो श्रावणी सोमवार नव्हेच. आषाढातला म्हणून मनात खुट्ट राहील. शेवटची सवारी गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी कधीच सुचवत नाही, मग तुम्ही कितीही चांगली जागा मिळवा. उरले मधले. त्यातही श्रावण शुद्ध पक्षातला सोमवार दोन्ही पंचांगांत श्रावणी सोमवारच, तेव्हा बहीणही खूश आणि सासूबाईही. फक्त एक बघायचं: तो सोमवार नागपंचमीला चिकटून आलेला नसावा. २०२३ मध्ये नागपंचमी सोमवारीच, २१ ऑगस्टला आली होती. २०२५ मध्ये मंगळवारी २९ जुलैला होती, म्हणजे सोमवारी संध्याकाळी सवारी आणि त्याच मध्यरात्री नागचंद्रेश्वराचे दरवाजे उघडणार. दोन्ही लोंढे एकाच गावात, एकाच रात्री. अशा वर्षी मी माझी मंडळी पुढच्या सोमवारी नेते. २०२५ चा तो सोमवार होता ४ ऑगस्ट: दोन्ही श्रावण, नागपंचमी उलटून गेलेली, राखी पाच दिवस लांब. तुम्ही याल त्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन हाच हिशेब लावा. दिव्यांच्या अवसेनंतरचे, राखीपर्यंतचे सोमवार बघा आणि नागपंचमीच्या मागचा-पुढचा दिवस सोडा. राखीपौर्णिमाच सोमवारी आली असेल, तर तोही सोडा. त्या पहाटे महाकालाला पहिली राखी बांधतात, सवा लाख लाडवांचा नैवेद्य असतो, आणि गर्दी पहाटेपासूनच.

दिवस ठरला की माझा एकच आग्रह असतो. सवारीच्या दिवशी देव स्वतः बाहेर येतो, त्या दिवशी आत जायचा हट्ट सोडा. मुंबईची मंडळी नेमकं उलट करतात. पहाटे निघून आठला देवळाच्या रांगेत लागतात, दुपारी बाराला थकून बाहेर येतात, आणि चार वाजेपर्यंत उन्हापावसात उभं राहून शेवटी खांद्यांच्या फटीतून पालखीचा दांडा बघतात. तुम्ही सकाळी इंदूरला आरामात पोहे खा, जेवून साडेअकरा-बाराला निघा. पंचावन्न किलोमीटरचा रस्ता आहे, पण गाडी गावाबाहेरच अडवतात, म्हणून वेळ हातात ठेवा. जागा रामघाटावर धरू नका. तिथली पूजा बघण्यासारखी असते हे खरं, पण पायऱ्या ओल्या, शिप्रा भरलेली असली तर खाली उतरू देत नाहीत, आणि रेटारेटी झाली तर म्हाताऱ्या माणसाला मागे सरायला जागा नसते. परतीच्या मार्गावर, कार्तिक चौक ते ढाबा रोडच्या पट्ट्यात, कुणाच्या तरी ओट्यावर किंवा दुकानाच्या पायरीवर बसायची सोय करा. तुमच्या बहिणीच्या ओळखीत उज्जैनचं एखादं घर नक्की निघेल. इंदूर आणि उज्जैनच्या मराठी घरांत सोयरिकी ठायी ठायी आहेत. खुर्ची मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिथून पालखी अगदी समोरून, हळू जाते.

गाभाऱ्याचं सासूबाईंना घरूनच सांगून ठेवा. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने पिंडीवर पाणी घातलंय, त्यांना इथे येऊन वाईट वाटतं. जुलै २०२३ मध्ये श्रावणाच्या गर्दीसाठी गाभाऱ्यातला प्रवेश बंद केला, तो सामान्य भाविकांसाठी नंतरही उघडला नाही. गणेश मंडपातून, बॅरिकेडच्या रांगेतून दर्शन होतं. पिंडीची झीज हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अभिषेकाला शुद्ध केलेलं पाणी, भस्मारतीच्या वेळी पिंडीवर सुती कापड असे नियम त्यातून आले, आणि २०२० च्या निकालात भाविकांनी पिंडी चोळण्यालाही मनाई झाली. काही जण यावर कुरकुर करतात. मला हे नियम पटतात. शेकडो वर्षं टिकवायचा देव आहे, आपल्या एका स्पर्शाने त्याला काय कमी होतंय असं प्रत्येकाने म्हटलं तर कसं चालेल?

या दर्शनाला मंगळवार-बुधवारची दुपार धरा. सोमवारी सवारी बघून इंदूरला परत, मंगळवारी विश्रांती, बुधवारी पुन्हा उज्जैन, असं मी ज्येष्ठांचं ठेवते. त्या दिवशी वाटलं तर महाकाल लोक, म्हणजे देवळाला लागून केलेला नवा परिसर, तोही होईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. रुद्रसागराच्या कडेने नऊशे मीटरहून लांब पसरलेलं आहे, दिवे लागल्यावर बघावं. ज्येष्ठांना ई-कार्ट किंवा व्हीलचेअर मिळते, पण मागून घ्यावी लागते.

भस्मारतीचं उत्तर थोडं कडू आहे. ती एरवी पहाटे चारला, श्रावणात त्याहूनही लवकर. नोंदणी आधी करावी लागते, श्रावणातल्या जागा भराभर संपतात, आणि नोंदणी असली तरी मध्यरात्रीनंतर येऊन रांगेत बसावं लागतं. नोंदणी नसलेल्यांना चालत चालत दर्शन घेता येईल अशी ‘चलित भस्मारती’ची सोय अलीकडे श्रावणात करतात, तीत दर्शन काही क्षणांचं. सासूबाईंना घेऊन श्रावणात भस्मारती करू नका, हे माझं स्पष्ट मत. पौष-माघात, आठवड्याच्या मधल्या वारी या, थंडी सोसवत असेल तर निवांत होते. भस्म चढवताना बायकांना पदर तोंडावर ओढून घ्यायला सांगतात, त्याने गोंधळून जाऊ नका. मोजक्या मिनिटांचाच प्रकार असतो. आणि ‘ते चितेचं भस्म असतं का हो?’ हा प्रश्न मला दर फेरीला येतो. गोवऱ्या आणि शमी-पिंपळासारख्या लाकडांची राख असते, महानिर्वाणी आखाड्याकडून येते. सगळ्या वर्षात एकदाच ही आरती भर दुपारी होते, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, देवाचा फुलांचा सेहरा उतरवल्यावर. पहाट ज्यांना झेपत नाही त्यांच्या मनात तो दिवस भरतो, पण गर्दीच्या बाबतीत तो श्रावणाचाही वरचढ.

नागचंद्रेश्वर: देऊळ तीन मजली आहे. खाली महाकालेश्वर, मधे ओंकारेश्वर, सर्वांत वर नागचंद्रेश्वर. फणा काढलेल्या नागाखाली बसलेले शिव-पार्वती अशी ती दुर्मीळ मूर्ती अकराव्या शतकातली मानतात. नागपंचमीच्या आदल्या मध्यरात्री पट उघडतात आणि चोवीस तासांनी बंद होतात. लाखोंची रांग, नंतर जिने. पंचाहत्तरीच्या माणसासाठी नाही. तुम्ही उभयतां तरुण असाल तर सासूबाईंना इंदूरला बहिणीकडे ठेवून स्वतंत्रपणे या. आणि हो, पटनी बाजारात नागचंद्रेश्वराचं आणखी एक देऊळ आहे, ते रोज उघडं असतं. रिक्षावाल्याने तिथे नेलं तर फसवलं असं समजू नका, ते निराळंच ठिकाण. पंचक्रोशी यात्रा तिथून सुरू होते. आपल्या चैत्र वद्य दशमीला, इथल्या वैशाखात, लोक त्या नागचंद्रेश्वराकडून ‘बळ’ मागून घेतात, ११८ किलोमीटर पायी चालतात आणि अमावास्येला परत येऊन मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करतात. ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर शिधा बांधून चाललेल्या खेड्यापाड्यांतल्या बायका बघितल्या की आपल्या वारीचीच आठवण येते.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. सासूबाईंचा नवस आहे की इच्छा? नवस श्रावणी सोमवारचा बोललेला असेल तर वर सांगितलं तसं करा, दुसरा इलाज नाही. पण नुसती ‘महाकालाची सवारी डोळे भरून बघावी’ एवढीच इच्छा असेल, तर कार्तिकात या. पाऊस संपलेला, हवा कोरडी, गुडघ्यांना सुखाची. मार्ग तोच, पालखी तीच, सलामी तीच, रामघाटावरची पूजा तीच. गर्दी मात्र श्रावणाच्या कितीतरी कमी, कारण बाहेरगावच्या लोकांना या सवाऱ्यांचा पत्ताच नसतो. पालखीपर्यंत हात जोडून जाता येतं असे सोमवार मी कार्तिकातच बघितलेत. हत्ती-रथांचा तो लांबलचक थाट नसतो, हे खरं. श्रावणातलं दृश्य टीव्हीवर बघून तेच मनात धरलं असेल तर थोडं फिकं वाटेल, म्हणून आधी कल्पना द्या.

कार्तिकाला आणखी एक जोड मिळते ती वैकुंठ चतुर्दशीची. आषाढी एकादशीला विष्णू झोपले की सृष्टीचा कारभार शंकराकडे, आणि चातुर्मास संपला की तो परत विष्णूकडे सोपवायचा. उज्जैनला हे सोपवणं खरोखर पालखी नेऊन करतात. चतुर्दशीच्या रात्री अकराच्या सुमारास महाकालाची पालखी निघते, मध्यरात्री गोपाळ मंदिरात पोचते. महाकालाकडून गोपाळकृष्णाला बेलाची माळ, गोपाळकृष्णाकडून महाकालाला तुळशीची. एरवी शंकराला तुळस वाहत नाहीत, विष्णूला बेल क्वचित. त्या एका रात्री अदलाबदल. याला हरिहर मिलन म्हणतात. शैव देवाची पालखी बायजाबाईंनी बांधलेल्या कृष्णमंदिरात जाते आणि भोवती माळव्यातले लोक ‘जय महाकाल’ म्हणत उभे असतात, हे मला स्वतःला श्रावणातल्या कुठल्याही सवारीपेक्षा जास्त आवडतं. २०२४ मध्ये ही रात्र १४ नोव्हेंबरला होती; ११ ची सवारी बघून तीन दिवस इंदूरला राहिलेल्यांना दोन्ही मिळालं. मध्यरात्र आहे आणि छत्री चौकात अलीकडे बरीच गर्दी होते, तेव्हा सासूबाईंना आणायचं की नाही हे त्यांची सवारीच्या दिवसाची तब्येत बघून ठरवा.

दसऱ्याचं राहिलं. विजयादशमीला महाकाल शमीपूजनासाठी नव्या उज्जैनमध्ये, फ्रीगंजकडे जातो, आणि तिथल्या रुंद रस्त्यांवर वर्षात एकदाच येतो. खुर्ची टाकून बघण्यासारखी ती सवारी आहे. पण दसऱ्याला घर सोडून कोण येणार, म्हणून मी आग्रह करत नाही.

दरवर्षी रस्ते, प्रवेशद्वारं आणि रांगांची व्यवस्था बदलते, त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी देवस्थानाच्या संकेतस्थळावर बघा किंवा बहिणीला स्थानिक वर्तमानपत्र बघायला सांगा. सवारीच्या दिवशी वाहनं कुठे थांबवणार ते आदल्या दिवशीच्या अंकात छापून येतं. देवळात मोबाइलवर बंधनं असतात, तो गाडीतच ठेवा, आणि सासूबाईंच्या पदराला किंवा पर्समध्ये इंदूरच्या पत्त्याची आणि तुमच्या नंबरची चिठ्ठी बांधा. गर्दीत चुकामूक झाली तर तिचाच उपयोग होतो. सवारी समोरून पुढे गेली की लगेच उठायची घाई करू नका, सगळी गर्दी तेव्हाच हलते. अर्धा-पाऊण तास तिथेच ओट्यावर बसा, चहा मागवा. गाडीवाल्याला देवळाच्या बाजूला बोलवू नका, नानाखेडा बसस्थानकाकडे थांबायला सांगा. तिथपर्यंत रिक्षाने जा. इंदूरचा रस्ता तिथून सरळ लागतो आणि रात्री दहाच्या आत तुम्ही जेवायला घरी असाल.